खान्देशातून रॉक फेस्टिव्हलला: आधी परतीचा हिशेब, मग तिकीट

"तिकीट काढलं भो, आता गाडीचं बघतो." हे वाक्य ऐकलं की मला पुढचं सगळं दिसायला लागतं. रविवारची रात्र, सव्वादहा वाजलेत, महालक्ष्मीच्या पुलावर माणसांचा लोंढा, मोबाइल चार टक्क्यांवर, परतीचं तिकीट वेटिंगमध्येच मेलेलं आणि सोमवारी सकाळी दहाला जळगावात कामावर हजर व्हायचंय.

मुंबई-पुण्याच्या पोरांनी लिहिलेल्या सूचना आपल्या उपयोगाच्या नाहीत. त्यांना रात्री अकराला घरी पोचता येतं. आपल्याला चारशे किलोमीटर मागे यायचं असतं, तेही थकून. दर वर्षी त्याच त्या चुका ऐकून कंटाळा आला म्हणून हे क्रमाने लिहितोय. क्रम बदलू नका. निम्म्या चुका क्रम चुकल्यानेच होतात.

टप्पा १: परत कसं यायचं ते ठरवा

तिकीटविक्री सुरू होण्याआधी हे करायचं. हातात अजून काहीही घेतलेलं नसताना.

मोकळ्या मैदानातले कार्यक्रम साधारण रात्री दहाला संपतात. कारण २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम: रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण त्या भरवशावर बेत आखू नका. म्हणजे तुमचा मुख्य बँड आठ-साडेआठला सुरू होणार आणि दहाच्या ठोक्याला थांबणार.

आता मुंबईहून आपल्याकडे येणाऱ्या गाड्या आठवा. विदर्भ, पंजाब मेल, अमरावती, हावडा मेल या रोजच्या वापराच्या गाड्या संध्याकाळी सात ते साडेनऊच्या दरम्यान निघून जातात. तुमचा बँड दुसऱ्या गाण्यावर असताना तुमची गाडी कल्याण सोडत असते. राहतात त्या रात्री उशिराच्या, त्यातली नेहमीची म्हणजे बारानंतर सुटणारी महानगरी. वेळापत्रक त्या-त्या वर्षी स्वतः बघा, गाड्यांच्या वेळा बदलत असतात.

या बारानंतरच्या गाडीत एक सापळा आहे आणि मी त्यात पडलेलो आहे. कार्यक्रम रविवारी, म्हणून तिकीट रविवारचं काढलं. पण रविवारच्या तारखेची ००.१० ची गाडी शनिवारी मध्यरात्रीच सुटते. मी ऐटीत स्टेशनवर पोचलो तेव्हा माझा बर्थ चोवीस तासांपूर्वीच भुसावळला जाऊन आला होता. ती रात्र फलाटावर आणि सकाळ जनरलच्या दारात काढली.

> तपासा: गाडी बारानंतर सुटत असेल तर तिकिटावर कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवसाची तारीख हवी. रविवारचा कार्यक्रम, सोमवारचं तिकीट. दोघांनी मिळून वाचा.

धुळेकरांचं गणित वेगळं. चाळीसगावपर्यंत रेल्वेने येऊन मग पुढे, नाहीतर सरळ आग्रा रोड. चार-पाच जणांनी मिळून गाडी करणं सोयीचं वाटतं, पण चालवणारा कोण? दिवसभर उन्हात उभा राहिलेला, रात्री दहापर्यंत ओरडलेला माणूस रात्री एकला कसारा घाट चढणार असेल तर तो बेत मुळातच चुकलेला आहे. ड्रायव्हर असा हवा जो कार्यक्रमाला आलेला नाही आणि दुपारी झोपलेला आहे. त्याचे पैसे वर्गणीत धरा.

नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरवाल्यांना सुरतमार्गे पश्चिम रेल्वे मिळते. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरचा कार्यक्रम असेल तर हा रस्ता चांगला, कारण मुंबई सेंट्रल हे त्याच्या शेजारचंच स्टेशन. शिवाय उधना-लिंबायतला निम्म्या गावाचे नातेवाईक असतात, गाडी चुकली तर सुरतेत पाठ टेकायला जागा मिळते.

मुक्कामच करायचा तर कल्याण-उल्हासनगरच्या नातेवाइकांना आधी खरं सांगा. "संध्याकाळी येतो" असं सांगून रात्री साडेबाराला, कवटी छापलेला काळा टी-शर्ट घालून, घसा बसलेल्या अवस्थेत मामांच्या दारात उभं राहू नका. मामी दार उघडते, पण पुढच्या वर्षी उघडेल याची खात्री नाही.

परतीचा एक पक्का रस्ता आणि एक पर्यायी रस्ता कागदावर आला की मगच पुढे चला. आला नाही तर या वर्षी राहू द्या. आणि हो, ज्या दिवशी तुमचा बँड आहे त्या एकाच दिवसाचं तिकीट निघत असेल तर दोन दिवसांच्या मोहात पडू नका. लोलापालूझासारखा मुंबईतला मोठा फेस्टिव्हल शनिवार-रविवार असतो. शनिवारी वाजवणाऱ्या बँडसाठी जाणाऱ्याला रविवार अख्खा परतीला मिळतो. हे सुख रविवारवाल्यांच्या नशिबी नाही.

टप्पा २: कार्यक्रमाचं तिकीट

सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्डप्लेच्या नवी मुंबईच्या तिकिटांसाठी काय झालं ते आठवत असेल. विक्री सुरू झाली आणि लोकांना आपल्या पुढे लाखांच्या रांगा दिसल्या. प्रत्येक कार्यक्रमाला असं होत नाही, पण तयारी त्या हिशेबाने करावी.

आदल्या दिवशी: खातं उघडून लॉगिन करून ठेवा. नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाका. "सोनू पाटील" चालत नाही. यूपीआयची दिवसाची मर्यादा तपासा, सहसा एक लाख असते, पण नवीन फोनवर किंवा नव्याने जोडलेल्या खात्यावर ती फार कमी असते. पाच जणांची तिकिटं एकाच्या खात्यातून काढणार असाल तर इथेच घोडं अडतं. दुसरा मार्ग म्हणून एक कार्ड तयार ठेवा.

त्या दिवशी: चांगल्या नेटच्या जागी बसा. शेतात, बसमध्ये, लोडशेडिंगच्या वेळेत नाही. ऑनलाइन रांगेत लागलात की पान रिफ्रेश करायचं नाही, बऱ्याचदा त्याने तुम्ही रांगेच्या शेवटी जाता. ग्रुपमधल्या प्रत्येकाने आपापल्या खात्यावरून रांगेत उभं राहावं, पण पैसे भरायला एकानेच जायचं, आणि तो कोण हे फोनवर बोलून ठरवायचं. नाहीतर पाच जणांची पंचवीस तिकिटं होतात. हसू नका, पंधरा झालेली मी पाहिली आहेत.

कुठलं तिकीट? जनरल, स्टेजला लागून असलेला पुढचा फॅनपिट, आणि त्यावरचे लाउंज वगैरे. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा जाताय तर जनरल. पुढच्या पिटचे जादा पैसे परतीच्या एसी तिकिटात घाला. एकाच बँडवर जीव असेल आणि त्याचा स्वतंत्र कार्यक्रम असेल, तरच पिटचा विचार.

काही ठिकाणी तिकीट म्हणजे मनगटाला बांधायचा पट्टा असतो आणि तो कुरिअरने घरी येतो. तुमच्या गावाच्या पिनकोडवर कुरिअर पोचतं का ते बघा. शंका असेल तर जळगाव-धुळ्यातल्या मित्राचा पत्ता द्या, नाहीतर तिथल्या खिडकीवर घ्यायचा पर्याय निवडा. खिडकीवर घ्यायचा असेल तर ज्याच्या नावावर बुकिंग आहे तोच, मूळ ओळखपत्रासह लागतो.

> सावध: "एक तिकीट जास्तीचं आहे, निम्म्या किमतीत देतो" म्हणणाऱ्याने पाठवलेला क्यूआर कोडचा फोटो म्हणजे तिकीट नव्हे. तोच फोटो त्याने आणखी दहा जणांना पाठवलेला असू शकतो आणि दारावर पहिला स्कॅन होणाराच आत जातो. अधिकृत ठिकाणी फेरविक्री असेल तरच घ्या.

टप्पा ३: रेल्वेचं तिकीट, साठाव्या दिवशी

नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून. बुकिंग सकाळी आठला सुरू होतं. कार्यक्रम तीन-चार महिने आधी जाहीर होतो, त्यामुळे मध्ये बराच काळ जातो आणि लोक विसरतात. मोबाइलमध्ये दोन गजर लावा, एक जाण्याचा, एक परतीचा. परतीचं आधी काढा.

पूर्ण वेटिंगचं ई-तिकीट चार्ट लागला की आपोआप रद्द होतं, त्यावर डब्यात चढता येत नाही. आरएसी चालतं. तत्काळ आदल्या दिवशी निघतं, एसीचं दहाला, स्लीपरचं अकराला, आणि आता त्याला आधार जोडलेलं खातं लागतं. पण रविवारच्या रात्रीसाठी तत्काळवर विसंबणं म्हणजे लग्नाच्या दिवशी कार्यालय शोधण्यासारखं आहे.

गाडी दादरला थांबत असेल तर बोर्डिंग स्टेशन दादर टाका. महालक्ष्मीहून दादर तीन स्टेशनं, सीएसएमटीला मात्र थेट लोकल नाही. मूळ स्टेशन सीएसएमटी ठेवून दादरला चढलात तर तोवर टीसीने बर्थ दुसऱ्याला दिलेला असू शकतो.

टप्पा ४: कानांचा गृहपाठ

आमच्याकडे "बँड" म्हटलं की आधी लग्नाचा आठवतो. वडिलांना मी पहिल्यांदा सांगितलं की बँड ऐकायला मुंबईला चाललोय, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "कोनं लगन शे?" (कुणाचं लग्न आहे?) त्यांचं चुकलं असंही नाही. बँडच्या गाण्यांवर नाचता यायला ती गाणी तोंडपाठ असावी लागतात, वरातीत काय नि मैदानात काय.

फेस्टिव्हलमध्ये मुख्य बँडला साधारण सव्वा ते दीड तास मिळतो. स्वतःच्या स्वतंत्र कार्यक्रमापेक्षा कमी. म्हणजे पंधरा-सोळा गाणी. कुठली? सेटलिस्ट डॉट एफएम या साइटवर त्या बँडचे गेले आठ-दहा कार्यक्रम बघा. बहुतेक गाणी तीच असतात, दोन-तीन बदलतात. त्यांची त्याच क्रमाने यादी करून तीन आठवडे ऐका. स्टुडिओतली नाही, लाइव्ह रेकॉर्डिंग ऐका. प्रत्यक्षात गाणं थोडं जलद असतं, मध्ये गिटारचा तुकडा लांबतो, कुठे गायक गप्प होऊन माइक लोकांकडे धरतो. ती जागा कळली पाहिजे. चाळीस हजार लोक एक ओळ म्हणत असताना आपण शेजाऱ्याचे ओठ बघत उभं राहणं यासारखं एकटेपण नाही.

नवा अल्बम टाळू नका. "जुनं वाजवा" असं ओरडणारे प्रत्येक मैदानात असतात. बँड दौऱ्यावर नव्या अल्बमसाठीच निघालेला असतो.

यादीतले दुपारचे बँडही ऐकून ठेवा, निदान प्रत्येकी तीन गाणी. आपल्याकडचे चांगले बँड बऱ्याचदा दुपारी तीन-चारला उभे केलेले असतात, आणि लोक तेव्हा बर्गरच्या रांगेत असतात. दिल्लीच्या ब्लडीवुडने २०१९ मध्ये जर्मनीतल्या वाकेनच्या मेटल फेस्टिव्हलला वाजवलं, ढोल आणि मेटल एकत्र. आपल्या ढोलाची सवय असलेल्या कानाला ते लगेच कळतं.

टप्पा ५: शरीर

"आम्ही ४५ अंशांत राहतो, मुंबईचं ऊन काय करणार?" ही खान्देशी माणसाची सगळ्यात महागडी समजूत. आपलं ऊन कोरडं. घाम येतो आणि उडून जातो, अंग थंड होतं. मुंबईत हवेतच पाणी, घाम उडत नाही, नुसता वाहतो. तापमान ३३ असलं तरी गर्दीच्या मध्यभागी शरीर तापत जातं. लोलापालूझा २०२५ मध्ये मार्चमध्ये झाला, गन्स एन रोझेस त्याच वर्षी १७ मे रोजी महालक्ष्मीला वाजवून गेले. मे महिन्यातली मुंबई! अशा वेळी आदल्या दिवसापासून पाणी वाढवा, त्या दिवशी दुपारी ओआरएस घ्या. तहान लागल्यावर प्यायचं हा घरचा नियम इथे उशिराचा ठरतो.

दहा दिवस आधीपासून रोज तासभर चाला, त्याच बुटांत. नवे बूट त्या दिवशी काढायचे नाहीत. चप्पल, सँडल अजिबात नाही. गर्दीत पायावर पाय पडणारच.

आता कान. याला लोक हसतात, म्हणून जरा सविस्तर. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तासांपर्यंत सुरक्षित धरतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. हिशेब करा, १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. रॉकच्या मैदानात स्टेजजवळ १०० सहज ओलांडतो आणि आपण तिथे सहा तास असतो. "लग्नाच्या डीजेची सवय आहे" म्हणजे कान आधीच थोडे गेलेत, एवढाच त्याचा अर्थ.

मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात. कापसाचा बोळा काही कामाचा नाही. प्लग घालायची पद्धत अशी: बोटांत वळून वातीसारखा बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा. वात आत सरकवा आणि वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवा, फोम फुगून बसेपर्यंत. नुसता कानाच्या तोंडाशी खोचलेला प्लग दोन गाण्यांत पडतो. घरी दोनदा सराव करा. फोमने आवाज थोडा दबका लागतो. गाण्याचा बाज न बिघडवणारे संगीतासाठीचे प्लगही मिळतात, वर्षातून दोनदा जाणार असाल तर तेच घ्या.

टप्पा ६: पिशवी

आत काय चालत नाही याची यादी आयोजक आधी देतात. ती वाचायचीच. बहुतेक ठिकाणी बाहेरचं खाणं, पाण्याची बाटली, छत्री, मोठी सॅक, लायटर, अत्तराची बाटली, सेल्फी स्टिक, लेन्सचा कॅमेरा अडवतात. काही ठिकाणी पॉवर बँकही. मेटलवाल्यांनी खास लक्ष द्या: खिळ्यांचा पट्टा, काटेरी मनगटी, जाड साखळी दारावर काढून घेतात आणि परत मिळत नाही. माझी एक अशी कचऱ्याच्या पिंपात गेली, कॉलेजपासूनची होती.

दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळी हे सगळं गाडीतच संपवा. आत नेता येणार नाही आणि आतलं जेवण महाग. दुपारी बाराच्या सुमारास पोटभर पण साधं जेवा. शेवभाजीचा तिखट रस्सा आणि आठ तासांची संडासाची रांग यांचं जमत नाही, यावर मी याहून जास्त लिहीत नाही.

सोबत एवढंच: मूळ ओळखपत्र, तिकीट फोनमध्ये आणि छापील, थोडी रोकड, प्लग, रुमाल, डोक्याला टोपी, नेहमीची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह. आणि एका कागदावर दोन फोन नंबर. फोन बंद पडल्यावर कुणाचाच नंबर आठवत नाही.

मोठी बॅग स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा. तिथे बॅगेला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. कुलूप घरून न्या.

> तपासा: निघायच्या आदल्या रात्री पिशवी उलटी करा आणि यादीशी ताडून परत भरा. फोन शंभर टक्के, गाणी आणि नकाशा ऑफलाइन उतरवलेला.

टप्पा ७: दारापर्यंत

महालक्ष्मीसाठी दादरला उतरून पश्चिमेच्या फलाटावर जा आणि स्लो लोकल पकडा: प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी. फास्ट तिथे थांबत नाही आणि तुम्हाला थेट मुंबई सेंट्रलला नेऊन सोडते. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमसाठी दादरपर्यंत जायचंच नाही. ठाण्याला उतरा, ट्रान्स हार्बरची लोकल घ्या, नेरूळला उतरा. दर वेळी कुणीतरी सीएसएमटीपर्यंत जाऊन हार्बरने उलटं येतं आणि दोन तास घालवतं.

जातानाच लोकलचं रिटर्न तिकीट काढून ठेवा. रात्री खिडकीवर अख्खं मैदान उभं असतं.

दारावर गर्दी व्हायच्या तासभर आधी पोचा. मनगटाचा पट्टा घट्ट करताना एक बोट आत जाईल एवढी जागा ठेवा, नंतर सैल होत नाही. आत बऱ्याच ठिकाणी रोख पैसे चालत नाहीत, त्या पट्ट्यातच पैसे भरावे लागतात. थोडेच भरा, लागतील तसे वाढवा.

महाराष्ट्रात बिअरला २१ आणि त्यापुढच्या दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, आणि तिथे वय तपासतात. माझ्या मते पहिल्या वेळी नकोच. गाणी आठवायला हवीत ना.

टप्पा ८: आत गेल्यावर पहिला अर्धा तास

स्टेजकडे धावू नका. आधी चार जागा बघा: पाणी, संडास, वैद्यकीय मदत आणि बाहेर पडायचे सगळे रस्ते. आलो त्या दाराव्यतिरिक्त निदान एक.

मग भेटायची जागा ठरवा. ठरवताना न हलणारी वस्तू हवी: मनोरा, ठरावीक क्रमांकाचा खांब, वैद्यकीय तंबू. कारण संध्याकाळी सातनंतर नेटवर्क बसतं. दोन वर्षांपूर्वी आमचा एक जण हरवला. तिसऱ्या प्रयत्नात फोन लागला.

"कथा शे तू?" (कुठे आहेस?)

"आठेच शे!" (इथेच आहे!)

"आठे म्हंजे कथा?"

"अरे, त्या लाल टोपीवालाना जोडे!" (टोपीवाल्याजवळ!)

पुढे फोन कटला. मैदानात लाल टोप्या विकणारा स्टॉल होता. आमचा माणूस आम्हाला रात्री दादरला सापडला.

म्हणून वेळही ठरवा: दर दोन तासांनी, समजा सहा आणि आठला, त्या खांबाशी. कुणी आलं नाही तर दहा मिनिटं थांबायचं. मुली सोबत असतील किंवा मुलींचाच ग्रुप असेल तर कुणीही एकटं संडासाकडे किंवा बाहेर जायचं नाही, दोघी-दोघींनी जा. घरच्यांना दर दोन तासांनी एक मेसेज टाका, नेटवर्क जाण्याआधीच सांगून ठेवा की सातनंतर फोन लागणार नाही. नाहीतर इकडे आई रात्रभर जागी.

टी-शर्ट घ्यायचा असेल तर आताच घ्या, आपल्या मापाचे संध्याकाळपर्यंत संपतात.

टप्पा ९: गर्दीत

सगळ्यांना बॅरिकेडला, अगदी पुढे उभं राहायचं असतं. त्याची किंमत माहीत असू द्या: दुपारपासून पाणी नाही, संडास नाही, जागा सोडली की गेली. आणि पुढे आवाज चांगला येतो हा गैरसमज. मैदानाच्या मध्यावर साउंडवाल्याचा तंबू असतो. तो माणूस तिथे बसून जे ऐकतो त्यावरूनच सगळा आवाज जुळवतो. त्या तंबूच्या किंचित पुढे किंवा मागे उभं राहा. पाठीला कठडा मिळतो, धक्के कमी लागतात, आवाज सगळ्यात स्वच्छ. एकदा दोन्ही करून बघा आणि मग ठरवा. मी आता पुढे जात नाही.

जड गाण्यांना मध्ये मोकळं वर्तुळ तयार होतं आणि लोक एकमेकांना धडका देत फिरतात, ते मॉश पिट. ते भांडण नाही, त्याला नियम आहेत. कुणी पडलं की आधी उचलायचं, मग पुढे. कोपर खाली. ज्याला आत यायचं नाही त्याला ओढायचं नाही. चष्म्याला मागून दोरी, बुटांच्या नाड्यांना दोन गाठी. आपल्याकडे वरातीत नाचताना अंगावर पडतात तसं मुद्दाम पडायचं नाही.

मॉश पिटपेक्षा धोक्याची आहे ती नुसती उभी गर्दी. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोचीच्या विद्यापीठात गाण्याच्या कार्यक्रमाआधी पाऊस आला, बाहेरचे सगळे एकदम आत शिरले आणि चेंगराचेंगरीत चौघांचा जीव गेला. गर्दीत माणूस तुडवला जाऊनच मरतो असं नाही. उभ्या उभ्या छाती दाबली जाते, श्वास घेता येत नाही.

खूण ओळखा: हात वर नेता येत नाही, किंवा पाय न हलवता आपण सरकतोय. तसं झालं की गाणं संपायची वाट बघू नका. दोन्ही हात छातीसमोर, मुष्टियोद्ध्यासारखे, म्हणजे फुप्फुसांना जागा राहते. लाटेच्या विरुद्ध ढकलू नका. लाट ओसरली की तिरपं, बाजूच्या दिशेने सरका, पुन्हा लाट आली की थांबा. असं करत कडेला या. खाली पडलेला फोन उचलायला वाकायचं नाही, फोन गेला असं समजा. श्वास अडत असेल तर पुढच्या सुरक्षारक्षकाला हात करा, ते कठड्यावरून बाहेर ओढून घेतात. त्यात लाज कसली.

> सावध: चक्कर, थंड घाम, मळमळ यांतलं काहीही झालं तर "थोडं थांबून बघू" नाही. सरळ वैद्यकीय तंबू.

टप्पा १०: बाहेर आणि घरी

दोन पर्याय. शेवटच्या गाण्याच्या आधी निघा, किंवा संपल्यावर वीस मिनिटं मैदानातच बसा. मधला रस्ता, म्हणजे सगळ्यांसोबत दाराकडे धावणं, तो नको. माझं म्हणाल तर शेवटचं गाणं सोडायला मी चारशे किलोमीटर आलेलो नसतो, म्हणून बसतो. गाडी बारानंतरची असेल तर वीस मिनिटं परवडतात. हा हिशेब टप्पा १ मध्येच झालेला असतो.

स्टेशनच्या पुलावर घाई नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला याच मार्गावरच्या तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, आताच्या प्रभादेवी स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. गर्दी जिन्यात अडली की बाजूला थांबा, पुढची लोकल येते.

गाडीत चढल्यावर आधी पाणी आणि काहीतरी खारट, मग झोप. आणि झोपण्याआधी गजर. १३९ वर उतरायच्या स्टेशनचा अलर्टही लावता येतो, तोही लावा. शेजारच्या प्रवाशाला सांगून ठेवा, "जिभाऊ, जळगाव आलं की उठवा." मी एकदा तिन्ही गोष्टी केल्या नाहीत. डोळे उघडले तेव्हा बाहेर बऱ्हाणपूरचा फलाट होता आणि कानात अजून शेवटचं गाणं.

दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत असेल तर इअरफोन लावू नका, डीजेच्या जवळ जाऊ नका. ती शिट्टी एक-दोन दिवसांत गेली नाही किंवा एका कानाने कमी ऐकू आलं तर कानाच्या डॉक्टरकडे लगेच जा, आठवडाभर वाट बघू नका.

एक काम राहतंच. पट्ट्यात भरलेले पैसे उरले असतील तर ते परत मागायला ठरावीक दिवस असतात आणि त्यासाठी पट्ट्यावरचा क्रमांक लागतो. पैसे खात्यात जमा होईपर्यंत मनगटावरचा पट्टा कापू नका. आंघोळीला त्रास होतो, ऑफिसात लोक विचारतात, तरी राहू द्या.